जोडायला एक रेघ, कापायला दोन

वसमतला परभणी रोडच्या कडेला पत्र्याच्या दुकानांची एक रांग आहे. तिच्यातल्या मधल्या दोन दुकानांमध्ये भिंत नाही, नुसता बारदानाचा पडदा आहे. पडद्याच्या अलीकडं मी, रत्नपाल, गाड्यांचं वायरिंग करणारा. पलीकडं जहांगीरभाई, उसाच्या ट्रॉल्या बनवणारे. मला पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते मी पडदा सरकवून बघतो. स्वभावाला औषध नाही.

जहांगीरभाईंचं वेल्डिंग तुटत नाही. हे माझं म्हणणं नाही, हट्ट्यापासून पुसेगावपर्यंतचे शेतकरी तसं म्हणतात. ट्रॉली उसासकट नाल्यात गेली, चाकं चार दिशांना पळाली, पण जहांगीरभाईंचा टाका जागच्या जागी, असले किस्से आमच्या रांगेत चहाबरोबर फुकट मिळतात. माणूस साठीचा, दाढी पांढरी, बोलणं कमी आणि राग नाकाच्या शेंड्यावर. कामाची एक शिस्त मात्र पक्की. लोखंडावर खडूची एक रेघ असली की तिथं जोडायचं, दोन रेघा असल्या की तिथं कापायचं. ही रीत त्यांनी त्यांच्या वडलांकडून घेतली आणि पोरीला दिली.

पोरगी म्हणजे सबीहा. नांदेडला डिप्लोमा करून ती पुण्याला एका गॅरेजात तीन वर्षं होती. तिथं चांगल्या पळणाऱ्या गाड्या आणखी जोरात पळतील अशा करून देतात. कोणाला कशाची घाई असते देव जाणे. तिथून ती परत आली ती ट्रकवर एक जुनी कॉन्टेसा घालूनच. गंजलेली, काचा नसलेली, मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार. आमच्या रांगेनं पोट धरून हसून घेतलं. दोन वर्षांनी त्याच गाडीत इंजिनाला टर्बो बसला, वायरिंग मी केलं, आणि पहिल्यांदा चालू झाली तेव्हा समोरच्या हॉटेलातले कप थरथरले. मग कोणी हसलं नाही.

मागच्या वर्षी ती गाडी घेऊन शर्यतीला गेली. विदर्भात एका बंद पडलेल्या धावपट्टीवर ही शर्यत भरते. चारशे मीटर सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. दिवा हिरवा झाला, सबीहानं क्लच सोडला, आणि मागचा ॲक्सल कडकन मोडला. त्या बिचाऱ्या ॲक्सलची काय चूक? तो ज्या ताकदीसाठी बनला होता त्याच्या दुप्पट ताकद तिनं इंजिनात भरली होती. पण गाडी हातभरही पुढं गेली नाही. चार अनोळखी पोरांनी ती ढकलत बाजूला नेली आणि शंभर जणांनी मोबाइलवर ते टिपलं. सबीहा घरी येऊन काही बोलली नाही. मी मात्र तिला ओळखतो. ती पुन्हा जाणार, आणि पुढच्या वेळी जर गाडी तिथंच थांबली तर ती भंगारात घालणार, हे मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं होतं.

आता बाप एवढा वेल्डर, तर पोरीच्या गाडीत त्यांचा हात किती? शून्य. त्याचीही एक गोष्ट आहे. सुरुवातीला जहांगीरभाईंनी एका दुपारी, पोरगी बाहेर गेलेली बघून, गाडीच्या तळाला जाड लोखंडी पट्ट्या जोडून दिल्या. मजबुतीसाठी. चाळीस किलो वजन वाढलं. सबीहा आली, खाली वाकून बघितलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "अब्बा, हिच्यात ऊस भरायचाय काय आपल्याला?"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. जहांगीरभाई चार दिवस पोरीबरोबर जेवले नाहीत. डबा आला की उठून पाण्याच्या ड्रमकडं जायचे. सबीहानं पट्ट्या कापून काढल्या आणि त्यानंतर गाडीचं कुठलंही वेल्डिंग ती पुण्याला पाठवायला लागली. बापानं विचारलं नाही, लेकीनं सांगितलं नाही. घरात दोघं दखनी उर्दूत बोलायची, दुकानात मराठीत, पण गाडीबद्दल कुठल्याच भाषेत बोलणं उरलं नव्हतं.

या जानेवारीत कोइमतूरहून लाकडी खोक्यातून नवा ॲक्सल आला. जाडजूड, काळा, शर्यतीच्या गाड्यांसाठीच बनवलेला. मधे गोल पोट, त्यात दात्यांचे चक्के, दोन्ही बाजूंना नळ्या. बरोबर एका पिशवीत दोन लोखंडी बैठका सुट्या दिलेल्या. कमानपाटे ज्यावर टेकतात त्या या बैठका. प्रत्येक गाडीची रुंदी वेगळी, म्हणून त्या ज्याच्या त्यानं जागेवर जोडून घ्यायच्या. शर्यत रविवारी, आणि खोकं आलं बुधवारी.

"पुण्याला पाठवून परत यायला चार दिवस लागतील," सबीहा माझ्याजवळ येऊन म्हणाली. "काय करू, काका?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. "पडद्यापलीकडं कोण बसून राहिलंय?"

तिनं खोक्यातून बैठकांची पिशवी उचलली. मग पडद्यापलीकडं गेली. मी कान लावला.

"अब्बा, बैठका जोडायच्यात. तुमी करता का?"

पलीकडचा ग्राइंडर बंद झाला. मग जहांगीरभाई म्हणाले, "कवा पायजे?"

एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी आमच्या अख्ख्या रांगेला चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. वेल्डिंगची काच फुंकर मारून तीनदा पुसली. हट्ट्याच्या सोनाजीची ट्रॉली तीन दिवसांपासून दारात पालथी पडली होती, तिला बाजूला सरकवलं. सोनाजी फोनवर ओरडला तर म्हणाले, "सोनाजी, ऊस काय पळून चाललाय का? माझ्या पोरीचं काम आलंय."

ते "माझ्या पोरीचं काम" त्यांनी असं म्हटलं की समोरच्या हॉटेलापर्यंत ऐकू गेलं.

गुरुवारी सकाळी सबीहानं ॲक्सल टेबलावर ठेवला, टेपनं मापं घेतली आणि दोन्ही नळ्यांवर खडूनं गोल रेघ ओढली. नळीच्या भोवती, बांगडीसारखी. "हितं, बराबर रेघेवर," ती म्हणाली. मग इंजिनापासून ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब शाफ्ट खांद्यावर घेऊन नांदेडला गेली. नव्या ॲक्सलसाठी तो दीड इंच आखूड करून घ्यायचा होता, आणि तसा लेथवाला वसमतला नाही.

मी त्या दिवशी माझं काम सोडून पडदा धरून उभा होतो. जहांगीरभाईंनी आधी बारकेसे चार टाके मारले, काटकोन बघायला गुण्या लावला, मापलं, पुन्हा मापलं. मग काच डोळ्यांवर घेतली. हात असा सरकत होता की श्वास घेतानाही डगमगत नव्हता. तीन वाजता काम झालं. टाके वेणीच्या पेडांसारखे एकसारखे. त्यांनी ते फडक्यानं झाकून ठेवले आणि पोरगी यायची वाट बघत दारात बसले.

पाचला ती रिकाम्या हातांनी आली. शाफ्ट उद्या मिळणार होता. जहांगीरभाईंनी फडकं काढलं.

सबीहा खाली बसली. टाक्यावरून बोट फिरवलं आणि खरंच खूश झाली. मग तिचा हात ॲक्सलच्या गोल पोटावर गेला. त्याच्या डोक्यावर एक बारकी नळी असते, आतली गरम हवा बाहेर सोडायला. तिनं नळीला बोट लावलं. मग बैठकीला लावलं. पुन्हा नळीला. तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, पोरगी दमली असेल, नांदेडच्या एसटीत उभी राहून आली असेल.

"कसंय?" जहांगीरभाईंनी विचारलं.

"मस्त झालंय, अब्बा," ती म्हणाली.

मी वायरिंगवाला. त्या नळीचं आणि बैठकीचं काय नातं ते मला दुसऱ्या दिवशी समजलं, आणि तेही अख्ख्या बाजारासमोर.

शुक्रवारी सकाळी सबीहा पहिल्या गाडीनं नांदेडला गेली. जहांगीरभाई माप घ्यायला हट्ट्याला जाणार होते, तिथून थेट जुम्म्याच्या नमाजला. निदान घरी तसंच ठरलं होतं. पण ते हट्ट्याला निघण्याआधीच सोनाजी स्वतः ट्रॉलीसाठी भांडायला वसमतला हजर झाला. जहांगीरभाईंनी त्याचं भांडण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आलाच हाईस तर हात लाव. पोरगी यायच्या आत ॲक्सल गाडीखाली बसवू. येऊन बघू दे तिला."

मीही गेलो. गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली होती. ॲक्सल आम्ही तिघांनी उचलला, पालथा केला, खाली सरकवला, पाट्यांवर टेकवला आणि यू-बोल्ट आवळले. बैठका पाट्यांवर इतक्या नीट बसल्या की सोनाजीसुद्धा भांडण विसरला. ब्रेक जोडले, तेल भरलं, चाकं लावली. साडेअकराला सबीहा शाफ्ट घेऊन आली आणि दारातच थांबली.

"बसवला?" तिनं विचारलं.

"बसवला," जहांगीरभाई म्हणाले. त्यांचं हसू दाढीत मावत नव्हतं.

"अब्बा, शाफ्ट मी उद्या लावते. आता तुमी नमाजला जा, उशीर होईल."

"दोन तास हाईत अजून. आण हिकडं."

तिनं शाफ्ट दिला नाही, स्वतःच गाडीखाली जाऊन लावला. चार बोल्ट आवळायला तिला अर्धा तास लागला. एरवी हे काम ती दहा मिनिटांत करते. बाहेर आली तेव्हा तोंडाला ग्रीस होतं आणि नजर जमिनीकडं. तोवर हॉटेलातली, टायरवाल्याकडली, हळदीच्या अडतीवरून घरी चाललेली, अशी वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. आमच्याकडं गाडीचं बॉनेट उघडलं की माणसं जमतात, आणि ही तर कॉन्टेसा.

"पयला गियर मी टाकणार," जहांगीरभाई म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. गाडी आल्यापासून पहिल्यांदाच ते तिच्यात बसत होते.

"अब्बा, थांबा," सबीहा म्हणाली, पण इंजिन चालू झालं होतं.

पहिला गियर पडला. क्लच सुटला. गाडी मागं गेली. पाण्याच्या ड्रमला धडकली, ड्रम आडवा झाला आणि हॉटेलाच्या दारापर्यंत पाणीच पाणी.

"चुकून रिव्हर्स पडला," कोणीतरी म्हणालं.

जहांगीरभाईंनी गियरचा दांडा बघितला. पहिलाच होता. पुन्हा क्लच सोडला. गाडी पुन्हा मागं. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागं. आता लोक हसायला लागले. सोनाजीला तर ऊतच आला. "जहांगीरभाई, नांदेडकडं तोंड करून बसलात आन् गाडी परभणीला निघाली! रिव्हर्स टाकून बघा बरं!"

त्यांनी रिव्हर्स टाकला. गाडी शहाण्यासारखी पुढं आली.

मग काय विचारता! "पाच गियर मागं आन् एक पुढं," टायरवाला म्हणाला. "सबीहाताई, शर्यतीत पाठ करून उभ्या राव्हा, म्हंजे पयला नंबर!"

मी हसलो नाही. या वेळी नाही. कारण माझी नजर सबीहावर होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

जहांगीरभाई उतरले. पोतं अंथरलं आणि गाडीखाली उताणे सरकले. तिथून काही वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते.

झालं होतं ते असं. ट्रॉलीचा जन्मच पालथा होतो. चौकट जमिनीवर उलटी मांडायची, पाटे, ॲक्सल सगळं उलटंच जोडायचं, कारण खाली बघून वेल्डिंग केलं की ठिणग्या गळ्यात पडत नाहीत. शेवटी आठ माणसं लावून अख्खी ट्रॉली सुलटी करायची. आणि ट्रॉलीत पाटे बसतात ॲक्सलच्या डोक्यावर, म्हणून बैठका डोक्यावर. या गाडीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. जहांगीरभाईंच्या हातानं पस्तीस वर्षांच्या सवयीनं बैठका डोक्यावर जोडल्या, आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं ॲक्सल पालथा करून बसवला. ट्रॉलीला काही फरक पडला नसता, तिला इंजिन कुठं असतं? पण या ॲक्सलच्या पोटात दात्यांचा चक्का. पालथा झाल्यावर तो डावीकडून उजवीकडं गेला आणि इंजिन पुढं ढकलतंय तर चाकं मागं फिरायला लागली. हवेची ती नळी आता खाली लोंबत होती आणि तिच्यातून तेल ठिबकत होतं. सबीहानंही ॲक्सलच्या नळ्यांभोवती नुसती गोल रेघ काढली होती. खाली की वर, ते सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, हे काय सांगायचं?

जहांगीरभाई गाडीखालून बाहेर आले. मला वाटलं, आता हे हवेच्या नळीबद्दल बोलतील. पण ते म्हणाले, "बैठकीच्या कडेला खडूच्या दोन रेघा कोणी मारल्या?"

सकाळी घाईत आम्हा तिघांपैकी कोणाचंच तिकडं लक्ष गेलं नव्हतं.

"मी," सबीहा म्हणाली.

"कवा?"

"काल. तुमी मगरिबच्या नमाजला गेला होता तवा."

"म्हंजे काल तुला दिसलं होतं."

"व्हय."

"मग बोलली काहून न्हाई?"

लोकांचं हसणं थांबलं. हॉटेलवाल्यानं आडवा ड्रम उभा करून ठेवला, तेवढाच आवाज.

"आज तुमी हट्ट्याहून जुम्म्याला जाणार होता," सबीहा म्हणाली. "तेवढ्यात मी कापून, पलटून, पुन्हा जोडणार होते. तुमाला कळूच देणार न्हवते."

"मी विचारलं, बोलली काहून न्हाई."

"मागच्या टायमाला बोलले होते, अब्बा. तुमी चार दिवस माझ्यासंगं जेवला न्हाई." तिचा आवाज फुटला. "परवा तुमी सगळ्यांला चहा पाजला. माझ्याच्यानं कसं बोलवलं असतं?"

जहांगीरभाई पोत्यावर बसून राहिले. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. एवढा दुखावलेला माणूस मी त्याआधी क्वचितच बघितला असेल.

"चार दिवस न्हाई जेवलो," ते म्हणाले. "पाचव्या दिवशी जेवलो का न्हाई?"

तिनं मान डोलावली.

"माझा बाप माझ्या टाक्यावर सगळ्यांदेखत दोन रेघा मारायचा. मी कापायचो. मला बी राग यायचा. पण बाप मला कामाचा माणूस समजतो, म्हून मारतो, हे कळत होतं." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "तू चोरून मारल्या. चोरून कोणाचं झाकतात, बेटी? लहान लेकराचं, न्हाई तर बिनकामाच्या म्हाताऱ्याचं. मी दोन्हीतला कोण?"

सबीहा तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. जहांगीरभाई उठले, हात धुतले आणि टोपी घालून नमाजला गेले.

माणसं पांगली. सोनाजी माझ्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "रत्नपाल, उगं हसलो राव." मी म्हणालो, "मग रोज काय करतोस?" पण त्याच्याइतकंच मलाही वाईट वाटत होतं. काखेतला कळसा मीच दाखवला होता. आणि चाळीस किलोच्या पट्ट्यांवर हसणाऱ्यांत मीही होतो.

दोनच्या सुमाराला नजमुन्निसाभाभी, सबीहाची आई, डबा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, पोरीच्या डोक्यावर एक टपली मारली आणि मला म्हणाल्या, "दोनों बी येडेच हैं, रत्नपालभाई. एक बोलती नै, एक सुनता नै." डबा टेबलावर ठेवून त्या गेल्या. डब्याला कोणी हात लावला नाही.

अडीचला जहांगीरभाई परत आले. डब्याकडं न बघता ग्राइंडर उचलला. सबीहा म्हणाली, "मी कापते, अब्बा."

"ज्याचा टाका त्यानं कापायचा," ते म्हणाले. "खडू घे. रेघा पुसल्यात तेलानं. पुन्ना मार. सगळ्यांदेखत."

गाडीखालून ॲक्सल काढून पुन्हा टेबलावर घेतला होता. सबीहानं खडू हातात घेतला. सोनाजी होता, मी होतो, टायरवाला मुद्दाम येऊन उभा राहिला होता. तिनं बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि दोन रेघा ओढल्या. आधी एका बैठकीला, मग दुसरीला.

कापायला चार वाजून गेले. जहांगीरभाईंचं वेल्डिंग तुटत नाही, हे त्या दिवशी खुद्द जहांगीरभाईंना पटलं. ग्राइंडरच्या तीन चकत्या झिजल्या. घामानं सदरा चिकटला, पण ग्राइंडर त्यांनी कोणाला दिला नाही.

जोडताना मात्र सबीहा शेजारी उभी राहिली आणि तिचं तोंड चालू झालं. "अब्बा, अर्धा सूत डावीकडं. हां. आता हवेची नळी वर, बैठक खाली. थोडी पुढं झुकवा. जास्त झालं, मागं घ्या."

"कळतं मला," ते खेकसले आणि अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, मागं घेतलं.

"एका झटक्यात पुरा करा, उशीर होतोय."

"ते मला नको शिकवू," ते म्हणाले. "एका जागी जास्त आग दिली तर ॲक्सलची नळी वाकडी होईल. वाकड्या ॲक्सलवर गाडी सरळ जाणार का? बोटभर हितं, मग बोटभर पल्याडच्या बाजूला. थंड होऊ दे. मग पुन्ना हितं."

सबीहानं नळीवर हाताचा पालथा पंजा धरून बघितला. "पुण्याला असं कोणी सांगितलं न्हाई मला."

"तू विचारलं का कोणाला?" जहांगीरभाई काचेमागून म्हणाले, आणि मला वाटतं, ते हसले असावेत. काचेमागचं दिसत नाही.

सूर्य मावळायच्या आत गाडी पुन्हा चाकांवर उभी होती. या वेळी सबीहा बसली. पहिला गियर टाकला. कॉन्टेसा पुढं गेली, हॉटेलासमोरून, टायरवाल्यासमोरून, नांदेडच्या दिशेनं. सोनाजीनं टाळ्या वाजवल्या. उगाच नाही, मनापासून.

रविवारी सबीहाबरोबर जहांगीरभाई आणि मीही शर्यतीला गेलो. धावपट्टीवर चुन्याच्या रेघा, दोन्ही बाजूंना दोरी, आणि पोरांच्या हातात मोबाइल. कॉन्टेसाच्या शेजारी एक चकचकीत नवी गाडी उभी राहिली. जहांगीरभाईंनी दोरी दोन्ही हातांनी धरली होती. दिवा हिरवा झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडंच बघत होतो, म्हणून सुरुवात माझीही हुकली. मागच्या टायरांचा धूर आमच्या अंगावर आला, आवाज लांब गेला, आणि मग लाउडस्पीकरवर काहीतरी आकडे.

जहांगीरभाईंनी डोळे उघडले नाहीत. "रत्नपाल," त्यांनी विचारलं, "पुढंच गेली ना?"

"पुढंच गेली," मी म्हणालो. "शेवटपर्यंत गेली."

तेव्हा कुठं त्यांनी दोरी सोडली. सबीहाची गाडी तिच्या गटात पाचवी आली. अकरा गाड्यांत पाचवी. पण ॲक्सल हूं की चूं न करता टिकला. चार वेळा पळवली, चारही वेळा टिकला. परतताना ती सारखी तेच सांगत होती, जणू पाचवी दुसरं कोणी आलं होतं.

सोमवारी सोनाजीची ट्रॉली पुन्हा मधोमध आली. बिचारा आठवड्यापासून ताटकळला होता. दुपारपर्यंत जहांगीरभाईंनी तिच्या पाट्यांचं काम पुरं केलं आणि सोनाजी ट्रॅक्टर जोडायला उठला. तेवढ्यात सबीहा कॉन्टेसाखालून बाहेर आली, हात पुसत पुसत ट्रॉलीभोवती फिरली, एका जागी थांबली आणि टेप लावला. खिशातून खडू काढला. सोनाजीसमोर, माझ्यासमोर, बाकावर बसलेल्या दोन नव्या गिऱ्हाइकांसमोर तिनं बापाच्या ताज्या टाक्यावर दोन रेघा ओढल्या.

सोनाजीनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. कोणी हसलं नाही.

"काहून?" जहांगीरभाईंनी विचारलं.

"दोन सूत बाहेर हाय. टायर घासंल."

त्यांनी स्वतः टेप लावला. एकदा, दोनदा. भुवया चढल्या, नाकाचा शेंडा लाल झाला. मग त्यांनी टेप खाली टाकला, ग्राइंडर उचलला आणि बाकावरच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगी लई बारीक बघती माझी."

एक वाजता डबा आला. मी पडदा चांगला हातभर सरकवला आणि सरळ बघत बसलो, लपूनछपून नाही. बापलेक एकाच पोत्यावर बसली होती. जहांगीरभाईंनी तीन भाकरी खाल्ल्या.